हुक्का, तीस खुर्च्या आणि 'हा अधिकार तुम्हाला दिला कोणी?'

अण्णांच्या हॉटेलात गल्ल्याच्या मागे, लक्ष्मीच्या तसबिरीखाली, एक पांढरा बोर्ड आहे. इथे धूम्रपान करणं गुन्हा आहे, असं त्यावर लिहिलंय आणि खाली तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव. ते नाव ज्या मॅनेजरचं, तो लॉकडाऊनमध्ये गावी गेला तो परत आलाच नाही. मी परवान्यांची कामं करणारा वकील, माझी नजर अशा ठिकाणी आधी जाते. म्हटलं, अण्णा, नाव बदला. ते नोटा मोजत म्हणाले, "वकीलसाहेब, नाव कोणाचं पण असू दे, पावती माझ्याच नावाने फाटणार ना?"

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो प्रत्येक हॉटेलवाला कधी ना कधी विचारतोच. जागा माझी, भाडं मी भरतो, गिऱ्हाईक माझं. मग माझ्या हॉटेलात कोणी सिगारेट ओढायची की नाही, हे महापालिका कोण ठरवणार?

या एका प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. मालकाला थांबवता येतं का, हा पहिला. थांबवायचा अधिकार नेमका कोणाचा, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर केव्हाच मिळालंय आणि ते मालकांच्या बाजूचं नाही. दुसऱ्यावर मात्र मुंबईत चांगलीच लढाई झाली. तिच्यात एकदा मालक जिंकले, एकदा सरकार जिंकलं आणि एकदा महापालिका.

आधी पहिला प्रश्न उरकतो. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला आणि दवाखाने, शाळा-कॉलेजं, वाचनालयं, कोर्ट-कचेऱ्या, सरकारी ऑफिसं, रेल्वे-बस अशा ठिकाणी धूम्रपानाला बंदी घातली. विचार साधा होता. जगण्याचा हक्क सगळ्यांना आहे, मग न ओढणाऱ्याने दुसऱ्याचा धूर का गिळायचा? गोव्याने तर १९९७ मध्येच धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध स्वतःचा कायदा केला होता. पुढे २००३ मध्ये संसदेने देशभरासाठी कायदा केला. त्याचं नाव लांबलचक आहे, आमच्या धंद्यात त्याला नुसतं 'कोटपा' म्हणतात. त्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद झालं.

अण्णांच्या 'जागा माझी' या मुद्द्याची हवा जाते ती 'सार्वजनिक ठिकाण' या शब्दाच्या व्याख्येत. लोकांना जिथे जाता येतं ती सार्वजनिक जागा, मग तिथे जाणं हा त्यांचा हक्क असो वा नसो. मालकी कोणाची, हा प्रश्नच नाही. दाराला 'प्रवेशाचे हक्क राखीव' अशी पाटी ठोकली म्हणून हॉटेल खासगी होत नाही. व्याख्येत रेस्टॉरंटचं नाव घेऊनच टाकलंय. मोकळी जागा वगळली आहे, पण तिथेही नियमांनी पाचर मारली. बसस्टॉप, रेल्वे स्टेशन, स्टेडियम वरून उघडं असलं तरी बंदीतच.

२ ऑक्टोबर २००८ पासून जे नियम लागू झाले, त्यांनी आणखी एक काम केलं आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांनी मालकाला पहारेकरी केलं. साठ बाय तीस सेंटिमीटरचा बोर्ड लावायचा, दाराशी लावायचा, प्रत्येक मजल्यावर लावायचा. टेबलावर ॲशट्रे ठेवायचा नाही, काडेपेटी द्यायची नाही, लायटर द्यायचा नाही. तक्रार आली आणि तुम्ही काणाडोळा केलात, तर जितके जण ओढत होते तितक्या गुन्ह्यांचा दंड तुमच्यावर. एका ओढणाऱ्याला जास्तीत जास्त दोनशे रुपये. आकडा ऐकून हसू येईल, पण रात्री साडेदहाला चार पेग झालेल्या टेबलाला 'साहेब, बाहेर जाऊन ओढा' म्हणायची वेळ ज्या कॅप्टनवर, म्हणजे वेटरांच्या मुख्यावर, येते, त्याला विचारा. गिऱ्हाईक परत येणार नाही ही भीती मालकाची, आणि शिव्या खायच्या पोराने.

त्याच पोराच्या बाजूने बघितलं तर कायद्याचा खरा अर्थ उलगडतो. गिऱ्हाईक तासाभरात उठून जातं. वेटर त्या धुरात रोज दहा तास असतो. 'ज्याला धूर नको त्याने दुसऱ्या हॉटेलात जावं' हा युक्तिवाद गिऱ्हाइकाला लागू पडत असेल, पगारावर असलेल्या पोराला नाही. म्हणूनच २००८ च्या नियमांनी कामाच्या जागाही सार्वजनिक ठिकाणांत ओढल्या.

बरं, मग बंदी सरसकट आहे का? नाही, आणि इथून गंमत सुरू होते. त्याच चौथ्या कलमाला एक शेपूट आहे. तीस किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, तीस किंवा जास्त माणसं बसतील असं रेस्टॉरंट आणि विमानतळ, यांना वेगळी स्मोकिंग रूम ठेवता येते. पंचतारांकित हॉटेलच्या पाहुण्याला सोय, आणि अठ्ठावीस खुर्च्यांच्या खानावळीला नाही. ही तफावत मला कधीच पटलेली नाही. धूर खुर्च्या मोजत नाही. पण संसदेने लिहिलंय, आणि पुढचा सगळा तंटा याच शेपटावरून झाला.

तो तंटा समजायचा तर राज्यघटनेचं एक कलम डोक्यात असावं लागतं. एकोणीसाव्या कलमात नागरिकाला कोणताही व्यवसाय, धंदा करायचा हक्क आहे. त्याच कलमात पुढे म्हटलंय की लोकहितासाठी सरकार त्यावर वाजवी निर्बंध घालू शकतं. सगळी मेख 'वाजवी' या शब्दात. आणि वाजवी म्हणजे काय, हे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा अगदी सुरुवातीचा निकाल कशावरून आहे माहितीये? विड्यांवरून. शिवाय तो कायदा आपल्या विदर्भाच्या घराण्यातला.

नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधिमंडळाने १९४८ मध्ये एक कायदा केला. शेतीच्या हंगामात मजूर मिळत नाहीत, सगळे विड्या वळायला जातात, म्हणून हंगामात ठरावीक गावांत विड्या वळायला बंदी घालायचा अधिकार कलेक्टरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला दिला. सागर जिल्ह्यात तसा हुकूम निघाला. एक विडी कारखानदार आणि एक कामगार थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. चिंतामण राव खटला म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो पाठ असतो. १९५० मध्ये न्यायालयाने म्हटलं, हेतू ठीक आहे, पण म्हातारी बाई, लहान पोर, अपंग माणूस, ज्यांना नांगर धरताच येत नाही, त्यांनाही घरी बसून विडी वळू द्यायची नाही? हेतूला लागेल त्यापेक्षा जाळं मोठं टाकलंत. कायद्यातला तो भाग रद्द.

म्हणजे निर्बंध घाला, पण मापात. मालकांचे वकील आजही हेच वाक्य घेऊन कोर्टात उभे राहतात. दारूवाल्यांना मात्र त्याचा फार उपयोग नाही. दारू विकणं हा मूलभूत हक्कच नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज निकालात सांगून टाकलं. तंबाखूवर अजून तसा शिक्का पडलेला नाही. ती विकणं कायदेशीर आहे, फक्त अठरा वर्षांखालच्यांना आणि शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांच्या आत नाही.

आता मुंबईकडे या. २०१० च्या आसपास शहरात हुक्का पार्लरांचं पेव फुटलं होतं. कॉलेजची मुलं, डबल ॲपल, पानरस अशा हुक्क्याच्या चवींचा वास, मंद दिवे. पालक वैतागलेले, संघटना कोर्टात. ४ जुलै २०११ रोजी महापालिकेने एक परिपत्रक काढलं. खाद्यगृहाचा जो परवाना महापालिका देते, त्याच्या अटींत नवी अट घातली. परवान्याच्या जागेत तंबाखूचा कुठलाही पदार्थ किंवा तो ओढायचं साधन ठेवायचं नाही, विकायचं नाही, द्यायचं नाही. थोडक्यात, हुक्का बंद. पुढच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने या अटींवर पसंतीची मोहोर उमटवली.

परवान्याच्या अटीतून बंदी घालणं ही कोणत्याही महापालिकेची आवडती युक्ती. कायदा करायला विधानसभा लागते, चर्चा लागते. अट घालायला एक परिपत्रक पुरतं. अट मोडली की परवाना रद्द, आणि परवाना रद्द म्हणजे शटर खाली.

मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. नरिंदर चढ्ढा विरुद्ध बृहन्मुंबई महानगरपालिका. ८ डिसेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती रंजन गोगोई आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने निकाल दिला, मालकांच्या बाजूने. मला तो निकाल वाचायला आवडतो, कारण त्यात कुठेही 'हुक्का चांगला' असं नाही. निकालाचा कणा मूलभूत हक्क हाही नाही. न्यायालयाने फक्त विचारलं, हा अधिकार तुम्हाला दिला कोणी?

उलगडून सांगतो. कोटपामध्ये 'धूम्रपान' म्हणजे कोणत्याही रूपातली तंबाखू ओढणं, सिगारेट, सिगार, विडी किंवा पाइप वगैरे कोणत्याही साधनाने. हुक्का त्यात आपोआप येतो. आता उलटं बघा. हुक्का जर धूम्रपान असेल, तर धूम्रपानाला जिथे मुभा आहे तिथे हुक्क्यालाही मुभा आहे. आणि तीस खुर्च्यांच्या रेस्टॉरंटच्या स्मोकिंग रूममध्ये संसदेने मुभा दिलेली आहे. संसदेने उघडं ठेवलेलं दार महापालिकेचा आयुक्त परिपत्रकाने कसं बंद करणार? उच्च न्यायालयाने ॲशट्रे-काडेपेटीच्या नियमावर बोट ठेवलं होतं, की अशा 'इतर वस्तूं'मध्ये हुक्काही आला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही यादी ओढायला मदत करणाऱ्या वस्तूंची आहे. हुक्का मदत करत नाही, हुक्का म्हणजेच ओढणं.

राहिला महापालिकेचा स्वतःचा कायदा. त्याच्या ३९४ व्या कलमाखाली खाद्यगृहाला परवाना मिळतो आणि आयुक्त अटी घालू शकतो. पण त्या अटी कायद्याच्या चौकटीतल्या हव्यात. भटारखाना स्वच्छ ठेवा, पाणी झाकून ठेवा, हे चालेल. प्रौढ माणसाला कायद्याने विकता येणारी वस्तू तुमच्या छताखाली विकूच नका, ही अट त्या चौकटीत बसत नाही. परिपत्रक गेलं.

हा प्रकार आपल्याकडे नवा नव्हता. २००२ मध्ये राज्याच्या अन्न प्रशासनाने गुटख्यावर बंदी घातली. जयसिंगपूरच्या घोडावत कंपनीच्या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उडवली, कारण अन्नभेसळीच्या जुन्या कायद्याखाली अधिकाऱ्याला एवढी मोठी, कायमसारखी बंदी घालता येत नव्हती. २०१२ मध्ये राज्याने नव्या अन्नसुरक्षा कायद्याचा आधार घेतला आणि वर्षावर्षाची बंदी घालायला सुरुवात केली. वस्तू तीच, राज्य तेच, हेतूही तोच. बदललं ते फक्त कलम. टपरीवर गुटखा मिळतो की नाही, हा वेगळा विषय, आणि त्याचं उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

हुक्क्याचंही तसंच झालं. मे २०१७ मध्ये केंद्राने नियम बदलले आणि स्मोकिंग रूममध्ये ओढायचं साधन पुरवायचं नाही, असं लिहून टाकलं. मग डिसेंबर उजाडला. २८ तारखेच्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिलमध्ये गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागली. चौदा माणसं गेली. अग्निशमन दलाच्या अहवालात हुक्क्याच्या निखाऱ्यांचं नाव आलं. त्यानंतर हुक्क्याच्या बाजूने बोलायला मुंबईत कोणाची जीभ उचलली नाही.

या वेळी मात्र परिपत्रक निघालं नाही. २०१८ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कोटपामध्येच महाराष्ट्रापुरती दुरुस्ती केली. '४अ' हे नवं कलम घातलं, हुक्का बार चालवता येणार नाही. केंद्राच्या कायद्याशी राज्याचा कायदा अशा विषयात टक्कर घेत असेल, तर राष्ट्रपतींची मंजुरी लागते, ती घेतली. ऑक्टोबर २०१८ पासून बंदी लागू झाली. शिक्षा एक ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते एक लाख दंड. सिगारेटच्या दोनशे रुपयांशेजारी हे आकडे ठेवून बघा.

चार वर्षांपूर्वी जे महापालिकेला जमलं नव्हतं, ते विधिमंडळाने केलं, आणि २०१४ चा निकाल कोणाला आडवा आला नाही. यायचं कारणच नव्हतं. तेव्हा न्यायालयाने 'बंदी घालता येत नाही' असं म्हटलंच नव्हतं. तुम्ही घालू शकत नाही, एवढंच म्हटलं होतं. बरेच मालक आजही तो निकाल लॅमिनेट करून ठेवतात आणि इन्स्पेक्टर आला की पुढे करतात. मला एकदा असाच कागद दाखवला गेला. त्या कागदाचा उपयोग आता मेन्यूकार्डाइतकाच.

पण मालकही कमी नाहीत. '४अ' मध्ये हुक्का बार म्हणजे जिथे लोक जमून हुक्क्यातून तंबाखू ओढतात ती जागा. तंबाखू! मग तंबाखू काढा. हर्बल हुक्का आला. गुलाबपाकळ्या, पुदिना, उसाची मळी, काय काय. बंदी तंबाखूला, आमच्यात तंबाखू नाही, असा सरळ युक्तिवाद.

आणि इथे महापालिका परत रिंगणात उतरली, या वेळी शहाणी होऊन. चेंबूरच्या एका रेस्टॉरंटचा खाद्यगृह परवाना तिने रद्द केला. मालक मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये हरले. न्यायालयाने तंबाखू आहे की नाही यावर सगळा भार टाकला नाही. तुमच्याकडे परवाना कशाचा आहे? खाण्याचा. त्यात हुक्का देणं आपोआप येत नाही. जिथे बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं जेवायला येतात, तिथे टेबलाटेबलावर पेटलेला कोळसा ठेवायला हा परवाना मुभा देत नाही.

दोन्ही निकाल शेजारी ठेवा. २०१४ मध्ये महापालिका तंबाखूच्या कायद्यात शिरली आणि हरली. तो संसदेचा प्रांत होता. २०२३ मध्ये ती स्वतःच्या प्रांतात उभी राहिली, म्हणजे जेवणाची जागा, विस्तव, माणसांची सुरक्षितता, आणि जिंकली. एवढं ज्याला कळलं, त्याला स्थानिक बंदीविरुद्ध कधी लढायचं आणि कधी मुकाट्याने पावती भरायची, हे कळतं. माझ्याकडे येणाऱ्या मालकाला मी आधी नोटीस मागतो आणि त्यात एकच ओळ शोधतो, 'अमुक कलमान्वये'. ती ओळच नसेल किंवा कलम चुकलेलं असेल, तर बोलायला जागा आहे. कलम बरोबर असेल तर 'माझी जागा, माझं गिऱ्हाईक' हे भाषण न्यायाधीशांसमोर करू नका. त्यांनी ते बरंच ऐकलंय.

हे सगळं मी अण्णांना दोन कटिंगमध्ये सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मग खरा प्रश्न काढला. त्यांच्याकडे खुर्च्या अठ्ठावीस. दोन वाढवल्या तर स्मोकिंग रूम करता येईल का?

म्हटलं, कागदोपत्री येईल. पण चारी बाजूंनी छतापर्यंत भिंती हव्यात. दार आपोआप बंद होणारं हवं. आतली हवा बाहेर खेचणारी यंत्रणा हवी, म्हणजे दार उघडलं तरी धूर हॉटेलात येता कामा नये. येण्या-जाण्याच्या वाटेवर ती खोली नको. आणि त्या खोलीत फक्त ओढायचं. चहासुद्धा द्यायचा नाही.

"चहासुद्धा नाही?"

नाही.

अण्णांनी मान वळवून कोपऱ्याकडे बघितलं. तिथे सहा खुर्च्यांचं फॅमिलीचं टेबल आहे, रविवारी तीन वेळा भरतं. ओठ हलवत त्यांनी काहीतरी हिशेब केला. मग गल्ल्याचा खण बंद करून पोराला हाक मारली, बाहेर पानटपरीजवळ एक बाकडं टाक म्हणून.

मी म्हटलं, बाकडं टाका, पण फुटपाथवर नको. अतिक्रमणवाल्यांचं कलम अगदी बरोबर असतं.